पदकाची कडा

खंडेनवमीला आमच्या घरी इंग्लंडच्या राजाला हळदकुंकू लागायचं. थट्टा करत नाही. चामटोलीच्या घरी ओट्यावर पाट मांडला जायचा, त्यावर कोयता, विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि सगळ्यांच्या मधोमध आजोबांचं पदक. चांदीचं, जुन्या रुपयाहून थोडं मोठं, वर चांदीचीच पट्टी आणि तिच्यात ओवलेली फीत. एका अंगाला राजाचं तोंड. आई त्या तोंडाला हळद लावायची, कुंकू लावायची, झेंडूचं फूल ठेवायची आणि आम्ही पोरं एकामागून एक वाकून पाया पडायचो. हा देव कोणता, हे मला सातवीपर्यंत माहीत नव्हतं. विचारायची सोय नव्हती. आजोबा आधी कानफटात द्यायचे आणि उत्तर द्यायचं की नाही ते मग ठरवायचे.

आजोबा गोऱ्यांच्या फौजेत शिपाई होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले आणि पदक घेऊन परत आले. आमच्या भागातून फौजेत गेलेले आणखीही होते, पण छातीवर शौर्याचं पदक लावून आलेले हे एकटेच. बदलापूरला उतरले तेव्हा लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं, बैलगाडीत बसवून वाजतगाजत चामटोलीला आणलं. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की ती मिरवणूक मी स्वतः बघितली असंच मला वाटतं. पुढे जन्मभर ते त्या बैलगाडीतून उतरलेच नाहीत. लग्नात पहिला नारळ त्यांच्या हातात, बांधाच्या भांडणात शेवटचा शब्द त्यांचा, आणि कुणी उलट बोललं की शर्टाच्या खिशापाशी नुसता हात न्यायचे. तिथे पदक नसलं तरी समोरचा गप्प व्हायचा.

असा शूर माणूस घरात कसा असतो ते आम्हाला विचारा. रोज सकाळी शाळेआधी आम्हा नातवंडांची अंगणात रांग. सावधान, विश्राम, लेफ्ट-राइट. मग एकेकाने पुढे येऊन आजोबांचा फौजेतला नंबर ओरडून म्हणायचा. तीन, एक, आणि पुढचे आकडे. पाढा चुकला तर गुरुजी मारायचे. नंबर चुकला तर खडीवर गुडघे टेकून उभं राहायचं, ऊन तापेपर्यंत. एकदा माझ्या सहा वर्षांच्या बहिणीचा गुडघा फुटला. रक्त पोटरीवर आलं तसे आजोबा म्हणाले, "आता नाय इसरायची." खरंच विसरली नाही. आम्ही कुणीच विसरलो नाही. मला बायकोचा मोबाइल नंबर पाठ नाही, पण तो नंबर मला झोपेतून उठवून विचारा.

पदक घासायचं काम आत्याचं. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांनी नवऱ्याने तिला परत आणून अंगणात सोडली आणि पाणीही न पिता निघून गेला. तेव्हापासून ती आमच्याकडेच. तिला जेवण होतं, वर्षाला दोन लुगडी होती, पण हाक मारायला कुणी तिचं नाव वापरत नव्हतं. "ए, पाणी आण." "ए, गुरं आली बघ." अष्टमीच्या दिवशी ती चुलीतली राख चाळून घ्यायची, चिंच भिजवायची आणि नारळाच्या काथ्याने पदक घासायला बसायची. आजोबा समोर खाटेवर, हातात वेताची छडी.

"कडा घास," ते म्हणायचे. "तोंड ऱ्हाव दे. कडा चमकली पायजे."

ती कडा घासायची. तासन् तास. अंगठ्याचं कातडं जायचं तरी घासायची, आणि ती जरा थांबली की छडीचं टोक तिच्या मनगटावर यायचं. मला वाटायचं, फौजेची शिस्त अशीच असणार. मला तर त्याचं कौतुकच वाटायचं.

आता माझी कर्तबगारी सांगतो.

खंडेनवमीला दुपारी वरच्या ठाकरवाडीतून एक बाई यायची. बारवीच्या अंगाला डोंगरात वाडी होती, तिथून चालत. बरोबर तिची मुलगी, माझ्या आईच्या वयाची. बाईचा नवरा आजोबांबरोबरच फौजेत गेला होता, एकाच तुकडीत होता आणि तिकडेच मेला. घरून निघाला तेव्हा मुलगी पोटात होती. त्याची म्हणून पुजायला बाईकडे काहीच नव्हतं, फोटोसुद्धा नव्हता. म्हणून ती आपल्या धन्याच्या जोडीदाराच्या पदकाला नमस्कार करायला यायची. पदरात झेंडूची फुलं आणि पसाभर वरी. ओट्यावर यायची तिला मुभा नव्हती. ती खाली अंगणात बसायची, तिथूनच हात जोडायची, आणि वरी आई वरून सुपात घ्यायची.

मग आजोबा तिला तिच्या नवऱ्याची गोष्ट सांगायचे. दरवर्षी तीच. "तुजा घो काय लढला नाय गो. पयल्या दिवसापासनं रडं. तोफ वाजली का टोपी डोक्यावर दाबून बसायचा न् आईला हाका मारायचा." एवढं झालं की त्यांची नजर मला शोधायची. "चल रे. दाखव कसा रडं."

मी आतून भाताचा टोप आणायचो. डोक्यावर उलटा घालायचो, गुडघे छातीशी घ्यायचो, दोन्ही हातांनी टोपाची कड धरायची आणि सुरू. "आये! आये गो! मना घरी ने गो!" नाक ओढायचं, बाहीला पुसायचं, अंग थरथरवायचं. शेवटी आजोबा विचारायचे, "आणि मी?" की मी ताडकन उठून सॅल्यूट ठोकायचो. अख्खा ओटा हसायचा. भाऊबंद, शेजारी, कोयत्याला फूल वाहायला आलेले गडी, सगळे. सगळ्या नातवंडांत ते मलाच जमायचं. मला त्याबद्दल खोबऱ्याचा तुकडा आणि गूळ मिळायचा, आणि त्या दिवसापुरता मी आजोबांचा लाडका असायचो. वर्षातला तो एकच दिवस.

ती बाईसुद्धा थोडं हसायची. पदर तोंडाला लावून. मग उठताना म्हणायची, "शूर मानसाच्या जोडीला व्हता, येवढा तरी बरा झाला." मुलगी माझ्याकडे बघत राहायची, डोळे मोठे करून, अगदी शेवटपर्यंत. मला वाटायचं, तिला माझी नक्कल आवडते.

असं मी अकरा-बारा वर्षांचा होईपर्यंत केलं. पुढे आवाज फुटला आणि लाज वाटायला लागली. बाईची नाही, माझ्या आवाजाची.

पदकाने मला फक्त गूळखोबरं दिलं नाही. अंबरनाथला एका कारखान्यात भरती निघाली तेव्हा मुलाखतीला बसलेला साहेब फौजेतला होता. मी रुमालात गुंडाळून पदक नेलं होतं. त्याने ते हातात घेतलं, उठून उभा राहिला, आणि माझ्या मार्कशीटकडे बघितलंही नाही. माझ्या मार्कशीटकडे बघितलं नाही हे फार बरं झालं. तीसेक वर्षं मी तिथे काढली. बुवापाड्यात खोली घेतली, दोन मुली शिकवल्या, निवृत्त झालो. शूर सैनिकाचा नातू ही माझी एकमेव लायकी होती आणि ती मी पुरवून पुरवून वापरली.

आजोबा गेले. ठाकरवाडीतली बाई गेली. तरी बाईची मुलगी दर खंडेनवमीला येत राहिली, आईने लावलेली सवय म्हणून. माझे आईवडील गेले. चामटोलीचं घर चुलतभावाकडे आलं, म्हणजे तो राहतो हेंद्रेपाड्यात फ्लॅटमध्ये, पण घराची चावी त्याच्याकडे. घरात राहते ती आत्या. राखण करायला कुणीतरी हवंच.

गेल्या वर्षी चुलतभावाचा फोन आला. त्याला निवडणुकीचं तिकीट हवंय, आणि तिकीट हवं असलेल्या माणसाला आजोबा अचानक आठवतात. गावच्या चौकात लढाईवर गेलेल्या शूरांची शिळा बसवायचं त्याने मनावर घेतलं होतं. वर्गणी, परवानगी, संगमरवर, सगळं ठरलं होतं.

"दादा, एकच लोचा आहे," तो म्हणाला. "कमिटीवाला बोलतो, मेडलच्या साइडला, म्हणजे कडेला, नाव-नंबर कोरलेला असतो. त्याचा क्लोज-अप फोटो फाइलला पायजे. तू संडेला ये ना गावी. तुला त्यातलं कळतं."

मला त्यातलं काही कळत नव्हतं. पदकाच्या कडेवर नाव असतं हे मी साठीला आल्यावर पहिल्यांदा ऐकत होतो. रविवारी गेलो. आत्याने देवघरातून पदक आणून दिलं. चुलतभावाने मोबाइल जवळ नेला, लांब नेला, टॉर्च लावला. कडा आरशासारखी गुळगुळीत. नाव नाही, नंबर नाही, ओरखडासुद्धा नाही.

"हे काय?" तो म्हणाला. मग त्याचं त्यालाच कळलं आणि तो आत्यावर उलटला. पंच्याहत्तरीची बाई, दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "पन्नास वर्षं फुकटचं खाल्लंस, आणि घरात एक इज्जतीची चीज होती ती पण घासून खाल्लीस? अक्कल आहे का? कोणी सांगितलं होतं एवढं घासायला?"

कुणी सांगितलं होतं ते मला ठाऊक होतं. मी ती छडी बघितली होती. मी फक्त म्हणालो, "खरंच गं आत्या, एवढं कशाला घासायचं?" आत्याने अंगठा पदराखाली घेतला आणि खाली बघितलं. चुलतभावाने तिथल्या तिथे फर्मान काढलं: उद्यापासून तिने देवघराला हात लावायचा नाही, आणि झोपायचं मागच्या पडवीत. पुढची खोली त्याला ऑफिससाठी हवीच होती.

हे चाललं असतानाच ठाकरवाडीतली मुलगी आली. मुलगी म्हणायचं, पण आता ऐंशीची म्हातारी, हातात काठी. तिला कुणीतरी शिळेचं सांगितलं होतं. ती अंगणात तिच्या नेहमीच्या जागी बसली आणि पदरातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत तिच्या आईच्या पेन्शनचा कागद होता, घड्यांवर फाटलेला.

"माझ्या बापाचा नाव टाकशील का रं त्याच्यावर?" तिने चुलतभावाला विचारलं. "तो बी लढाईत गेला. कागद हाय."

चुलतभावाने कागद हातात न घेता मला दिला. मी वाचला. फौजेचा नंबर दिसला की माझे डोळे तिथेच जातात, ही आजोबांची देणगी. पाच, सात, आणि पुढचे आकडे. बाकी नाव, तुकडी, मृत्यू. मी कागद परत केला.

"आजी, ही शूरांची शिळा आहे," चुलतभाऊ म्हणाला. तो अजून चिडलेलाच होता. "लढलेल्यांची नावं टाकायची, रडलेल्यांची नाय. उद्या कोणी पण येईल." आणि माझ्याकडे बघून हसला. "काय दादा? तू तर करून दाखवायचास."

म्हातारीने कागद घडी घालून पिशवीत ठेवला, पिशवी पदरात. "बरं," म्हणाली. काठी टेकत निघाली. ऐंशी वर्षांच्या बाईला उन्हात डोंगर चढायचा होता आणि तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. मी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात आम्ही उल्हासनगरला गेलो. चुलतभावाचं म्हणणं साधं होतं: नाव पुसलं गेलंय ना, मग परत कोरून घेऊ. उल्हासनगरात काय होत नाही? बाजाराच्या आतल्या गल्लीत एक सिंधी सोनार होता, मशीनवर बारीक अक्षरं कोरून द्यायचा. गाडी लावायला जागा नव्हती म्हणून चुलतभाऊ गाडीतच बसून राहिला आणि मी एकटा आत गेलो. नंबर मलाच पाठ होता.

सोनाराने डोळ्याला भिंग लावलं आणि पदक दिव्याखाली फिरवलं.

"साईं, ये किसने घिसा? राजा का तोंड तो एकदम मस्त आहे बघा, नाक पण शाबूत. सिर्फ कडा ही गया. ऐसा कोई जान के घिसता है, तभी जाता है."

तो कडा फिरवत पट्टीपाशी आला, जिथे पट्टीचा पंजा कडेला पकडतो. तिथे थांबला. "ये बघा. इधर काथा पोचला नाही. दो आंकडे बचे हैं." त्याने भिंग मला दिलं. पंज्याला अगदी चिकटून, काळ्या मळात, दोन आकडे होते. मी भिंग पुसलं, परत बघितलं. पाच. सात.

तीन-एक नव्हे. पाच-सात.

एखाद्याला अशा वेळी घाम फुटतो, हातपाय गळतात असं म्हणतात. मला तसलं काही झालं नाही. मला आधी आठवला तो अंबरनाथचा साहेब, माझं पदक हातात घेऊन उठून उभा राहिलेला. मग भाताचा टोप. म्हातारी आणि तिचा कागद त्यानंतर आठवले. कोणत्या क्रमाने आठवलं ते मी मुद्दाम सांगतोय.

"नया नंबर बोलो," सोनार म्हणाला. "और ये दो जो बचे हैं, रखूँ के मिटा दूँ?"

बाहेर चुलतभावाने हॉर्न वाजवला. मला एवढंच म्हणायचं होतं की थांबा, मी सांगतो. सोनार पदक धरून वाट बघत होता. त्याला घाई नव्हती.

"मिटा दो," मी म्हणालो.

त्याने मशीन लावली. एका सेकंदाचंही काम नव्हतं. मग म्हणाला, बोला. मी आजोबांचा नंबर सांगितला. एकेक आकडा, मोठ्याने, टाचा जुळवून, हात मांड्यांना चिकटवून. मी असा उभा आहे हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

"धीरे साईं," तो हसत म्हणाला. "बहरा नहीं हूँ."

दोन दिवसांनी मी एकटाच चामटोलीला गेलो. आत्या मागच्या पडवीत सुकट निवडत बसली होती. तिची गोधडी, एक पत्र्याची पेटी, पाण्याचा तांब्या, सगळं तिथे आलं होतं. मी तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

काय ठाऊक, असं तिने विचारलं नाही. सुकट निवडतच राहिली.

"मना अक्षरा वाचता येत नाय," ती म्हणाली. "आकडे येतान. नंबर बाबांनी मनाही शिकवलेला, तुमच्या आधी. एका वर्षी घासताना दिसला का ह्यो आपला नाय. मी बघत व्हते, न् बाबा माझ्याकडं बघत व्हते. तवा बोलले, कडा घास. जवर घासशील तवर तुना या घरात भाकर."

"आणि तू घासलीस."

"मंग? जाते कुठं?"

आजोबांनी शेवटच्या दुखण्यात तिला बाकीचं सांगितलं होतं. पदक त्या ठाकराला मिळालं होतं. पुढे त्याला पोटात गोळी लागली तेव्हा त्याने ते आजोबांच्या हातात दिलं, माझ्या घरी पोचव म्हणून. आजोबांनी ते खिशात जपून आणलं. कल्याण सुटल्यावर, कसं दिसतं बघू म्हणून छातीला लावलं. बदलापूरला काढायचं राहिलं, आणि फलाटावर लोक उभे होते.

"एवढंच?" मी म्हणालो.

"येवढाच."

"मग तो रडायचा, आईला हाका मारायचा, ते?"

आत्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "बाबाच रडायचे. दुपारचे झोपले का. टोपी नाय तर उशी डोक्यावर दाबून. आये, मना घरी ने. मीच उठवायची त्यांना. तू नक्कल करायचास ती बाबांचीच. लय बरोबर करायचास."

मला तिचा राग आला. खरं सांगतो, आजोबांचा नाही आला, तिचा आला. एवढी वर्षं गप्प बसली आणि आता मला कशाला सांगितलं? मीच विचारलं होतं, ते तेव्हा डोक्यात नव्हतं.

"तू सांगनार?" तिने विचारलं. "सांग. पन मना इथनं पन काढील तो."

मी म्हणालो, "तुझ्यासाठी मी गप्प बसतो." तिने मान हलवली आणि सुकट निवडायला घेतली. ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे तिलाही कळलं असावं. मी माझ्या नोकरीसाठी, माझ्या पेन्शनसाठी गप्प बसलो असंही नाही, ती काही आता कुणी काढून घेणार नव्हतं. मी गप्प बसलो कारण लोक मला रस्त्यात बघून म्हणतात, हा त्यांचा नातू. हे एवढंच माझ्याकडे आहे.

शिळा बसली. काळा दगड, सोनेरी अक्षरं, आणि सगळ्यात वर आजोबांचं नाव, नंबर, पदक. फोटो छान आला होता. चुलतभावाने भाषण केलं, त्याला तिकीट मिळेल असं वाटतंय. आत्याला कार्यक्रमाला नेलं नाही, घर उघडं कसं टाकायचं म्हणून. पदक काचेच्या चौकटीत बसवून घेतलं, म्हणजे आता कुणी घासणार नाही.

यंदाची खंडेनवमी. ओट्यावर पाट, कोयता, विळा, चुलतभावाच्या स्कूटरची आणि गाडीची चावी, आणि मधोमध चौकट. कुंकू काचेला लावलं. आत्या पाटापासून लांब, आतल्या उंबऱ्याशी बसली होती. सवयीने तिने चिंच भिजवून ठेवली होती. वाटी तिच्यापाशी तशीच होती.

दुपारी म्हातारी आली. मला वाटलं होतं येणार नाही. नातसून बरोबर होती, तिच्या खांद्याला धरून आली, अंगणात बसली, झेंडू आणि वरी वर दिली, हात जोडले. मी दुसरीकडे बघत होतो. पंचवीस-तीस माणसं होती, तिकिटाच्या आशेने जमवलेली. चुलतभाऊ रंगात आला होता.

"दादा," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ते रडणं दाखव ना एकदा. या लोकांनी बघितलं नाय. अगो, आतून टोप आण गं कोणीतरी."

मी नको म्हणालो. हसत म्हणालो, तिथेच चुकलं. लोक आग्रह करायला लागले. कुणीतरी टोप आणला, ॲल्युमिनियमचा, माझ्या हातात दिला. मी उंबऱ्याकडे बघितलं. आत्या माझ्याकडे बघत होती आणि तिने मान हलवली नाही, डोळे मोठे केले नाहीत, काहीच केलं नाही.

मी बसलो. साठीच्या माणसाला गुडघे छातीशी घेता येत नाहीत, तरी घेतले. टोप घातला. "आये," म्हणालो. "आये गो. मना घरी ने गो." नाक ओढलं, बाहीला पुसलं. सगळं आठवत होतं. ओटा हसला. कुणीतरी मोबाइलवर घेतलं. चुलतभावाने विचारलं, "आणि आजोबा?" मी उठायला गेलो तर गुडघा अडकला, एकाने हात दिला, आणि मी सॅल्यूट ठोकला. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर अंगणातून म्हातारीचा आवाज आला. तिने पदर तोंडाला लावला नव्हता. ती पुढे सरकून ओट्याला अगदी लागून बसली होती, मान वर करून, माझ्या लहानपणी बघायची तशीच माझ्याकडे बघत.

"परत कर ना रं," ती म्हणाली. "आये बोलतो तेवढाच कर. माझ्या बापाचा तेवढाच ठाव हाय मना."

कुणी हसलं नाही. चुलतभाऊ माझ्याकडे बघत होता, आत्या बघत होती. टोप अजून माझ्या हातात होता.

मी तो डोक्यावर घातला, खाली बसलो आणि परत केलं.